रविवारची सकाळ, भाड्याची कॅसेट आणि येवल्याची आसारी

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्सच्या ग्राहकवस्तू कंपनीनं २७ कोटी रुपयांना घेतला. येवल्याहून मनमाड आणि मालेगाव ओलांडलं की रावळगाव लागतं. आमच्याच नाशिक जिल्ह्यातलं गाव. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये तिथं साखर कारखाना उभा केला आणि १९४२ पासून त्याच साखरेच्या गोळ्या होऊ लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावं पुढं देशभर किराणा दुकानांच्या काचेच्या बरण्यांत जाऊन बसली. या व्यवहारात विकलं काय गेलं, ते नीट पाहण्यासारखं आहे. जमीन, इमारती, यंत्रसामग्री जुन्या कंपनीकडेच राहिली. नव्या मालकाकडे गेली ती नावं, बोधचिन्हं आणि गोळ्या करण्याच्या कृती. ज्यांनी लहानपणी या गोळ्या चघळल्या ती पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे, तिच्या हाती पैसा आहे आणि त्या नावांशी तिचा जीव जडलेला आहे. त्या जडलेल्या जिवालाच ही किंमत मिळाली.

अशी किंमत आज पुष्कळ गोष्टींना मिळते आहे. जुनी कार्टूनं, जुने व्हिडिओ गेम, सकाळच्या न्याहारीचे डबे आणि बिस्किटांचे पुडे यांच्या आठवणींवर चित्रपट निघतात, टी-शर्ट छापले जातात, जुन्या चवी नव्या वेष्टनात परत येतात. या आठवणींच्या ज्या याद्या आपल्यापर्यंत पोचतात त्या बहुतेक अमेरिकेतल्या, नाहीतर मुंबई-दिल्लीतल्या इंग्रजी शाळांत शिकलेल्यांच्या असतात. येवल्यासारख्या तालुक्याच्या गावात वाढलेल्या माणसाला त्या यादीतलं काय आपलं वाटेल, काय परकं वाटेल, आणि त्याचं स्वतःचं असं काय त्या यादीत कधी आलंच नाही, हे एकदा सलग पाहावं म्हणून हा आढावा.

आधी दूरचित्रवाणी, कारण सगळं तिच्यातूनच आलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण मुंबई-पुण्याबाहेरच्या लहान गावांत ते पोचायला पुढची बारा-पंधरा वर्षं गेली. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्तानं रंग आले आणि १९८४ च्या सुमारास देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली. मग तालुक्याच्या गावांत घरांवर अँटेना दिसू लागल्या. गल्लीत दोन-तीन घरी संच आणि बाकीची पोरं त्या घराच्या ओसरीवर, खिडकीला, दाराच्या चौकटीला. आज ज्याला आपण ‘माझं आवडतं कार्टून’ म्हणतो ते बहुतेकांनी दुसऱ्याच्या घरी पाहिलेलं आहे. त्या घरातल्या काकू, आजी, भाभी यांच्या मर्जीवर ते अवलंबून असे. पाय धुऊन आत यायचं, गडबड करायची नाही आणि कार्यक्रम संपला की उठायचं. हा शिष्टाचार त्या कार्टूनच्या आठवणीत कायमचा मिसळून गेला आहे.

त्या काळात दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी जागा भरायला दूरदर्शन एक छोटा चित्रपट दाखवत असे. ‘एक अनेक और एकता’, १९७४ चा. पेरू, चिमण्या, पारध्याचं जाळं आणि ते जाळंच घेऊन उडालेला थवा एवढीच त्याची गोष्ट. तो विजया मुळे यांनी केला. जन्मानं मुंबईकर, शिक्षण आणि माहितीपट या दोन्ही क्षेत्रांत आयुष्य घालवलेल्या या बाईंचं नाव आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यातलं गाणं लहान मुलीच्या आवाजात गायलेल्या साधना सरगम दाभोळच्या. अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. भारतातल्या कोट्यवधी मुलांनी पाहिलेलं पहिलं देशी कार्टून बहुधा हेच, आणि त्यामागं दोन मराठी बायका आहेत, हे शाळेच्या पुस्तकात यायला हरकत नव्हती.

अ‍ॅनिमेशनचा धागा तर आणखी मागं, थेट आमच्या जिल्ह्यात जातो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. चित्रपट काढण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवली, आणि १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवत ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. ज्या जिल्ह्यातल्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी आगपेटीतल्या काड्यांना पडद्यावर नाचवलं, त्या जिल्ह्यातल्या मुलांना मराठी बोलणारं कार्टून मात्र त्यांच्या सगळ्या बालपणात जवळजवळ मिळालं नाही. या विषयातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

मिळालं ते हिंदीतून. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ आलं. मूळ कथा किपलिंगची, घडते ती मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या जंगलात, म्हणजे नागपूरच्या शेजारी. चित्रं जपानमधल्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, ५२ भाग. हिंदी शीर्षकगीत गुलजार यांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानचा आवाज मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. इंग्रजी लेखक, जपानी चित्रकार, हिंदी कवी आणि मराठी नट असा फेरा पूर्ण करून विदर्भाच्या सीमेवरचं जंगल येवल्याच्या पोरांपर्यंत पोचलं. त्या शेरखानचा घोगरा आवाज काढून धाकट्या भावंडांना घाबरवलं नाही असा मुलगा त्या वर्षी गल्लीत सापडला नसता. त्याच दशकात ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ हिंदीत आली. १९९७ ला ‘शक्तिमान’ सुरू झालं आणि २००५ पर्यंत चाललं. ते कार्टून नव्हे, पण मुलांच्या लेखी त्यात फरक नव्हता. रविवारी दुपारी नेमकी वीज गेली की गावात वीज असलेला भाग शोधत पोरांचे घोळके फिरत. महाराष्ट्रातल्या भारनियमनानं २००० नंतरची काही वर्षं किती भाग गिळले असतील याची नोंद कुठं नाही, पण ग्रामीण भागातल्या या पिढीच्या आठवणीत शक्तिमान आणि वीज मंडळ शेजारी शेजारी बसलेले आहेत.

१ मे १९९५ ला कार्टून नेटवर्क भारतात आलं. दिवसा कार्टूनं आणि संध्याकाळनंतर त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी चित्रपट, अशी तिची सुरुवातीची रचना होती. इंग्रजी येत नसताना टॉम आणि जेरी मात्र समजत, कारण ते बोलतच नसत. १९९९ च्या आसपास हिंदी आवाज आले, २००४ मध्ये पोगो आणि हंगामा आल्या, पाठोपाठ डोरेमॉन आणि शिनचॅन आले, २००८ ला हैदराबादच्या कंपनीनं ‘छोटा भीम’ आणला. इथून पुढची पिढी वेगळी आहे. तिला रविवारची वाट पाहावी लागली नाही. तिच्या आठवणी ठरावीक भागांच्या नसून पात्रांच्या आहेत. दूरदर्शनवाली पिढी ‘तो भाग आठवतो का’ असं विचारते, वाहिन्यांवर वाढलेली पिढी ‘तू कोणाचा चाहता होतास’ असं विचारते. येवल्यात घरात मराठी, पेठेत गुजराती आणि दखनी उर्दू कानावर पडत असल्यानं हिंदी मुळात परकी नव्हती. तरीही खेळताना भांडण जुंपलं की आजची मुलं हिंदीत बोलू लागतात, हे पालकांना जाणवतं आणि बोचतंही. पराक्रमाची, चिडवण्याची, फजितीची भाषा त्यांनी पडद्यावरून उचलली आणि पडदा हिंदी बोलत होता.

मराठीनं मुलांना काहीच दिलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. तिनं जे दिलं ते मुख्यतः कागदावर दिलं. १९५२ पासून मराठीत निघू लागलेला ‘चांदोबा’, त्यातली शंकर यांची विक्रम-वेताळाची चित्रं, इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक, नोव्हेंबर १९७१ पासूनचं बालभारतीचं ‘किशोर’, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, आणि १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये रोज भेटू लागलेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू. मुंबई केंद्रावर ‘किलबिल’ होतं, राजदत्त यांची ‘गोट्या’ मालिका होती. गावात यातलं सगळं सगळ्यांना मिळत नसे. एक अंक शाळेत येई आणि हातोहात फिरून शेवटी मुखपृष्ठ गमावून बसे. रद्दीच्या दुकानात जुने चांदोबा किलोवर मिळत. पण मिळत ते आपल्या भाषेत मिळत.

या साहित्याचं पुढं काय झालं ते पाहिलं तर आठवणींचा बाजार कसा चालतो ते कळतं. २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट आला तेव्हा सायकलवर उंडारणारा शाळकरी पोर पडद्यावर तरुण झाला होता. चित्रपट चांगला चालला. पण तो मुलांसाठी नव्हता, एकेकाळी मुलं असलेल्यांसाठी होता. तिकीट काढणारा प्रेक्षक वयानं वाढला म्हणून नायकही वाढवावा लागला. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला त्याचा फेणे मिळालाच नाही. मोठ्यांच्या हळवेपणाची सोय होते आणि मुलांची जागा रिकामी राहते, ही या बाजाराची रीत आहे आणि ती मला मान्य नाही.

आता न्याहारी. अमेरिकी माणूस बालपण आठवताना दुधात टाकायच्या रंगीत धान्याचे डबे आठवतो, त्या डब्यातून निघणारी खेळणी आठवतो. आपल्याकडे केलॉग १९९४ मध्ये आली, रायगड जिल्ह्यातल्या तळोज्याला कारखाना घालून. कॉर्नफ्लेक्स थंड दुधात कुरकुरीत राहावेत अशी ती योजना होती. आपल्या घरांत दूध तापवून, ऊन ऊन देतात. गरम दुधात त्यांचा लगदा झाला आणि विपणन शिकवणाऱ्या वर्गांत या फसलेल्या सुरुवातीचं उदाहरण आजही देतात. काही वर्षांत कंपनीनं मुलांसाठी गोड चोकोज आणले आणि हळूहळू शहरांत जम बसवला. येवल्यात मक्याचे पोहे मुलांना ठाऊक होते ते दिवाळीच्या चिवड्यातले, तळून फुललेले. दुधातल्या कॉर्नफ्लेक्सची हळहळ इथल्या चाळिशीतल्या माणसाला वाटत नाही आणि वाटते असं तो म्हणालाच तर ती जाहिरातीतून उसनी घेतलेली आहे.

त्याची खरी न्याहारी कोणती होती? रात्रीची बाजरीची भाकरी दुधात कुस्करून. नाहीतर तिचाच चुरा कांदा-मिरची घालून फोडणीला टाकलेला. चहात बुडवायची खारी, बटर, टोस्ट. सणावारी शिरा, पाहुणे आले तर पोहे. आणि पार्लेची ग्लुकोज बिस्किटं. १९२९ मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेल्या कारखान्यानं १९३९ पासून ही बिस्किटं काढली, १९८० च्या दशकात त्यांचं पार्ले-जी झालं. चहात किती वेळ बुडवलं म्हणजे तुटून पडत नाही, हे कौशल्य प्रत्येकानं स्वतः कमावलेलं होतं. विलेपार्ल्याचा तो जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. पुडा मात्र टिकला, आणि २०२० च्या टाळेबंदीत रस्त्यावर निघालेल्या मजुरांपासून घरात अडकलेल्यांपर्यंत सगळ्यांनी तो इतका घेतला की एप्रिल-मे महिन्यांत कंपनीची आजवरची सर्वांत मोठी विक्री झाली. आठवणीतला पदार्थ संकटात पोटाला आधार देतो, असं दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

पण पुड्यातलं, पोत्यातलं, सरकारी अन्नही या गावांच्या बालपणाचा भाग आहे आणि ते कुठल्याच गोड यादीत येत नाही. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्यांना दुष्काळी कामावर आणि शाळेत मिळालेली सुकडी आठवते, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आठवते, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे तेही आठवते. १५ ऑगस्ट १९९५ ला शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. महिन्याची हजेरी ८० टक्के भरली की ३ किलो तांदूळ. ते घरी न्यायला पोरं कापडी पिशवी घेऊन शाळेत जात. खिचडी नंतर आली. डोक्यावर तांदळाची पिशवी घेऊन घरी निघालेल्या मुलाला त्या दिवशी जो अभिमान वाटला असेल, तो कुठल्याही डब्यातून निघालेल्या खेळण्यापेक्षा कमी नव्हता. बालपणीच्या न्याहारीचा इतिहास लिहायचा तर तो या पिशवीसकट लिहायला हवा.

व्हिडिओ गेमची गोष्ट याहून गुंतागुंतीची. निन्टेन्डोचं फॅमिकॉम यंत्र जपानमध्ये १९८३ ला आलं. आपल्याकडे पोचल्या त्या त्याच्या नकला, निरनिराळ्या नावांच्या, स्वस्त प्लॅस्टिकच्या. आम्ही त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणत असू, हातात धरायच्या बटणांच्या पट्टीला ‘रिमोट’ आणि खेळाच्या कार्ट्रिजला ‘कॅसेट’. कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचं छापलेलं असे. लावून पाहिलं की दहा-वीस खेळच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी येत. फसवणूक कळत होती, तरी यादी शेवटपर्यंत उलटून पाहिली जाई. यंत्र विकत घेणारी घरं मोजकी. बाकीच्यांसाठी ते दिवसाच्या भाड्यानं मिळे, आणि सुट्टीत चार-पाच घरांतली पोरं पैसे काढून ते आणत. भाडं संपायच्या आत प्रत्येकाची पाळी आली पाहिजे, या एका नियमावर सगळा कारभार चाले. मारिओ, टँक, विमान, मोटारशर्यत, बंदूक रोखून पाडायची बदकं. नावं इंग्रजी असतील तर ती बदलून आपली केली जात.

त्यांत ‘कॉन्ट्रा’चं स्थान वेगळं. कोनामी कंपनीचा १९८७ चा हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा. तिसऱ्या टप्प्यात धबधब्यावर चढताना एकजण घाई करून वर गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला साथीदार फुकट मरतो. किती मैत्र्या त्या धबधब्यावर तुटल्या आणि संध्याकाळी पुन्हा जुळल्या! जोडीदाराकडे लक्ष ठेवून वर चढायचं, हे त्या खेळानं शिकवलं. ३० जीव मिळवण्याची बटणांची ती ठरावीक मालिका, वर-वर-खाली-खाली अशी सुरू होणारी, एका शहरातल्या मावसभावाकडून दुसऱ्या गावातल्या आतेभावाकडे तोंडी पोचली. ती काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रॅमरनं १९८६ मधल्या एका खेळासाठी स्वतःच्या सोयीकरता बसवली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये तो गेला तेव्हा जगभर लोकांनी त्याच बटणांच्या मालिकेनं त्याला निरोप दिला. छापील कागद नाही, शिक्षक नाही, तरी एक माहिती जशीच्या तशी जपानहून आमच्या तालुक्यापर्यंत आली, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरं ठिकाण म्हणजे पार्लर. बाजारपेठेच्या गल्लीतला अंधारा गाळा, उभी यंत्रं, नाण्याचा खण. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ देशभरातल्या पोरांनी ‘मुस्तफा’ करून टाकला, कारण त्यातल्या चौघा नायकांपैकी त्या नावाचा पिवळ्या टोपीतला गडी त्यांना आपला वाटला. घरी सांगून तिथं कोणी जात नसे. मुली तर जातच नसत. हे स्पष्ट म्हणायला हवं, कारण या आठवणी सांगणारे आवाज बहुतेक पुरुषांचे असतात. त्याच गल्लीत, त्याच वयाच्या बहिणींच्या वाट्याला जिबली, सागरगोटे, भातुकली आणि पाणी भरणं होतं. येवल्यात ज्या घरांत पैठणीचे माग होते तिथं मुलामुलींना शाळेआधी आणि शाळेनंतर कांड्या भरायला बसावं लागे. रेशमाचा धागा सुटला की ओरडा बसे. पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो असं म्हणतात; बालपणाचं तसं नसतं. एकाच वर्षी, एकाच गल्लीत, एकाची उलटी बाजू पार वेगळी असते.

या सगळ्याची ओढ का वाटते, याचा अभ्यास झालेला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस योहानेस होफर या स्विस वैद्यानं या ओढीला चक्क रोग ठरवलं होतं, घरापासून दूर गेलेल्या माणसांना होणारा. आज मत उलट झालं आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या सेडिकिडीस, वाइल्डशूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून दाखवून दिलं की एकटेपणा, उदासी दाटली की माणूस अशा आठवणींकडे वळतो, त्या आठवणींत बहुधा दुसरी माणसं असतात, आणि आठवून झाल्यावर त्याला आपण कोणाचे तरी आहोत असं वाटू लागतं. येवल्यातल्या अनुभवाला हे तंतोतंत लागू पडतं. दुसऱ्याच्या ओसरीवरचं कार्टून, वर्गणीतून भाड्यानं आणलेला गेम, हातोहात फिरणारा किशोर. वस्तू काढून घेतली तरी माणसं उरतात, माणसं काढून घेतली तर वस्तूत काही उरत नाही. म्हणूनच तोच कॉन्ट्रा मोबाइलवर एकट्यानं खेळला की पाच मिनिटांत कंटाळा येतो.

मराठी माणूस यापूर्वीही असा मागं वळलेला आहे. शाळेतल्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता पुन्हा वाचाव्यात म्हणून ‘आठवणीतल्या कविता’ हे संकलन निघालं. रमेश तेंडुलकर, राम पटवर्धन, दिनकर बर्वे आणि पद्माकर महाजन यांनी ते सिद्ध केलं आणि वाचकांनी ते डोक्यावर घेतलं. त्या हळहळीतून एक काम उभं राहिलं. विखुरलेल्या कविता गोळा झाल्या, पाठ तपासले गेले, पुढच्या वाचकाला त्या हाती मिळाल्या. आठवणीनं असं काम करून घेतलं तर तिचं चीज होतं.

पडद्यावरच्या गोष्टींच्या बाबतीत हे काम अर्धवट आहे. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’, ‘शक्तिमान’, ‘जंगल बुक’ पुन्हा दाखवलं आणि लोक पुन्हा एकत्र बसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीनं ‘वेव्हज्’ हा मंच सुरू केला आणि जुन्या मालिका तिथं ठेवायला सुरुवात केली. बालभारतीनं ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक संगणकावर सर्वांना फुकट खुले केले, हे तर फारच मोठं काम झालं. खेळांची अवस्था जगभरच वाईट आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वीचे ८७ टक्के खेळ बाजारात कुठंच मिळत नसल्याचं दिसलं. आपल्याकडच्या त्या नकली यंत्रांची, पार्लरची तर साधी छायाचित्रंही क्वचितच सापडतात.

आणि आता आसारी, म्हणजे पतंगाचा धागा गुंडाळायची फिरकी. इतका वेळ ज्या गोष्टी बोललो त्या सगळ्या बाहेरून आलेल्या आणि गेलेल्या. येवल्याकडे एक गोष्ट अशी आहे की जी कधी गेलीच नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस इथं गाव गच्चीवर असतं. सकाळपासून हलकडी या वाद्याचा ताल, लाउडस्पीकर, पतंग कटला की ‘गई बोला रे’चा गजर. गुजरातेत फिरकी एकजण धरतो आणि दुसरा उडवतो. येवल्याची लाकूड-बांबूची आसारी उडवणारा स्वतःच फिरवतो. ती हातात घोळवत भराभर धागा गुंडाळायची कला इथल्या मुलांना चालायला लागल्यापासून दिसत असते. तीन-तीन पिढ्या एका गच्चीवर असतात. आजोबा पेच कसा लावायचा ते सांगतात, आई-मावश्या पतंग उडवतात, पोरं कटलेले पतंग पकडतात. पुण्या-मुंबईला गेलेले येवलेकर दिवाळीला एक वेळ चुकतील, संक्रांतीला येतात. रंगपंचमीला टिळक मैदानात समोरासमोर उभ्या वाहनांवरून होणारे रंगांचे सामने हेही तसंच. तिथं वय विचारलं जात नाही.

येवल्याचा माणूस शक्तिमानबद्दल हळवा होऊन बोलतो, पतंगाबद्दल तसा बोलत नाही, हे मला अनेकदा जाणवलं आहे. पतंगाबद्दल तो मांजाचा भाव बोलतो, वाऱ्याची दिशा बोलतो, यंदा कोणाच्या गच्चीवर जमायचं ते बोलतो. जो खेळ मोठं झाल्यावर सोडावा लागत नाही, आणि जो लहानांच्या हाती आपल्याच हातानं देता येतो, त्याची हुरहुर लागत नाही. कार्टून आणि व्हिडिओ गेम यांच्यात पिढ्या एकमेकींपासून तुटल्या. बापाचा गेम मुलाला बाळबोध वाटतो, मुलाचा गेम बापाला कळत नाही. आसारी दोघांनाही कळते. बालपणाच्या ओढीवरचा माझ्या माहितीतला सर्वांत खात्रीचा उतारा हा आहे, आणि तो इथं शेकडो गच्च्यांवर दर जानेवारीत दिसतो.

त्यालाही धोका आहेच. नायलॉनच्या मांजानं पक्षी मरतात, दुचाकीवर जाणाऱ्यांचे गळे चिरतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली तरी तो चोरून विकला जातो आणि दर वर्षी जखमींच्या बातम्या येतात. आसारीवर सुती धागाच चढला पाहिजे, हे पोलिसांच्या छाप्यांपेक्षा गच्चीवरच्या आजोबांनी ठरवलं तर लवकर होईल.

उरलेल्या गोष्टींसाठी दोन मागण्या आहेत. पहिली प्रसार भारतीकडे: मुंबई केंद्राच्या ‘किलबिल’सह मुलांच्या मराठी कार्यक्रमांचं जेवढं चित्रीकरण शिल्लक आहे, ते ‘किशोर’च्या अंकांसारखं सर्वांना विनामूल्य खुलं करावं, आणि नव्या मुलांसाठी मराठीत कार्टूनं करणाऱ्यांना तिथंच जागा द्यावी. दुसरी वाचकांकडे. कुणाच्या माळ्यावर जुने चांदोबा असतील, भाड्यानं द्यायचा एखादा टीव्ही गेम आणि त्याच्या कॅसेटी असतील, पार्लरच्या गाळ्याचं छायाचित्र असेल, पोषण आहाराच्या तांदळाची नोंद असलेली शाळेची जुनी वही असेल, तर रद्दीत घालू नका. गावाचं नाव, साल आणि ती वस्तू कोणी कशी वापरली हे एका कागदावर लिहून तो कागद वस्तूसोबत ठेवा आणि जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला ती नोंदवून घ्यायला सांगा. आणि बहिणींनाही विचारा. त्यांच्या आठवणी अजून कोणी लिहून घेतलेल्या नाहीत.